टू ऑल द बॉइज आय हॅव लव्ड बिफोर: बहिणी झकास, त्रिकोण ओढूनताणून

जेनी हानची ही 2014 सालची कादंबरी. सोळा वर्षांच्या लारा जीनने लिहिलेली, कधीच न पाठवायची पाच प्रेमपत्रं अचानक त्या त्या मुलांच्या हाती पडतात. मग अब्रू वाचवायला त्यांच्यातल्याच पीटरशी खोटं प्रेमप्रकरण, आणि त्याचा चक्क लेखी करार! हा भाग मस्त जमलाय. पण खरी जान आहे ती तीन बहिणींत. आई नसलेलं घर, थोरली मार्गो शिकायला स्कॉटलंडला. तिच्यामागे मधलीची उडणारी तारांबळ पीटरपेक्षा जास्त लक्षात राहते. पत्र मिळालेला दुसरा मुलगा जॉश मात्र मार्गोचाच आधीचा प्रियकर, त्यामुळे तो त्रिकोण वाचताना अवघडायला होतं. सिनेमा पाहिलेल्यांनो, पुस्तकाचा शेवट वेगळा आहे: लारा जीन नवं पत्र लिहायला घेते आणि गोष्ट तिथेच थांबते. दुसरा भाग हाताशी ठेवूनच सुरू करा.