एकदाच मोठं आवाहन की दरवर्षीची वर्गणी?
निसर्ग-इतिहास संग्रहालय बंद पडायच्या बेतात असलं की आधी सुचतं ते जाहीर आवाहन. पैसा झटपट येतो, पण देणगीदाराला सांगाडा दिसतो, वीजबिल दिसत नाही. शिकागोच्या फील्ड म्युझियमने १९९७ मध्ये ‘स्यू’ हा टी. रेक्स डायनासोरचा सांगाडा ८३.६ लाख डॉलरला घेतला, तेव्हा मॅकडोनाल्ड्स आणि डिस्नेने हातभार लावला. प्राण्यांचे नमुने ठेवलेल्या बरण्यांतलं उडून गेलेलं अल्कोहोल पुन्हा भरायला, पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कीड रोखायला कोण पुढे येणार? हा खर्च तर कायमचाच.

वर्गणीतून रक्कम थोडी जमते, हिशेबाला माणूसही लागतो. पण ती पुढच्या वर्षीही येते. माझं मत वर्गणीलाच. पगारच थकले असतील तर मात्र आवाहन करा, फक्त त्याच अर्जावर वर्गणीचा रकाना ठेवा.