ट्रॅक आटोपशीर करताना: कापावा की लय वाढवावी?

पुण्यातील महाविद्यालयीन स्नेहसंमेलनांत नृत्याचा चार मिनिटांचा ट्रॅक साडेतीन मिनिटांत बसवण्याची वेळ हमखास येते, आणि त्यासाठी ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मधला भाग कापणे किंवा संपूर्ण ट्रॅकची लय वाढवणे, असे दोन मार्ग आहेत.

‘चेंज टेम्पो’ने पट्टी न बदलता लांबी घटते (‘चेंज स्पीड अँड पिच’ने मात्र पट्टीही चढते), परंतु २४० सेकंदांचे २१० करायचे तर लय सुमारे १४ टक्के वाढवावी लागते, आणि तेवढ्याने तबल्याच्या बोलांची धार बोथट होऊ शकते, शिवाय नाचणाऱ्यांना उसंत उरत नाही. दोन-चार सेकंदांचाच प्रश्न असेल, तर हाच मार्ग सोपा.

कापण्यात कष्ट अधिक, तरीही मला तेच योग्य वाटते. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत १६ मात्रांच्या तीनतालाचे एक आवर्तन ८ सेकंदांचे होते, त्यामुळे समेपासून (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेपासून) समेपर्यंत चार आवर्तने काढली की ३२ सेकंद कमी होतात आणि ठेका अखंड राहतो. जोड ‘झीरो क्रॉसिंग’वर, म्हणजे ध्वनिलहर शून्य रेषा ओलांडते त्या बिंदूवर घ्यावा, अन्यथा तेथे ‘टक्’ असा आवाज येण्याची शक्यता असते. मागे तानपुरा रेंगाळत असेल, तर दोन्ही तुकड्यांची टोके किंचित एकमेकांवर आणून छोटा क्रॉसफेड द्यावा, म्हणजे पहिल्याचा आवाज उतरत असतानाच दुसऱ्याचा चढवावा.