कोल्चिकम की क्रोकस? नावाची पाटी हरवलेल्या शरदकंदांची ओळख

इंग्लंडमधील जुन्या बागेत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पानांचा मागमूसही नसताना, मातीतून थेट जांभळट पेल्यासारखे फूल वर येते आणि नावाची पाटी केव्हाच हरवलेली असते, तेव्हा कोल्चिकम आणि शरदात फुलणारा क्रोकस यांत गल्लत होणे स्वाभाविक आहे. इंग्रजीत तर कोल्चिकमलाच ‘ऑटम क्रोकस’ म्हणण्याची खोड आहे. रंगावर मुळीच विसंबू नये. फूल हलकेच उघडून पुंकेसर मोजावेत: सहा असतील तर कोल्चिकम, तीनच असतील तर क्रोकस. कोल्चिकमचे तीन कुक्षीवृंत (फुलाच्या मधल्या स्त्रीकेसराचे दांडे) तळापासून सुटे असतात, तर क्रोकसचा एकच कुक्षीवृंत वर जाऊन फाटतो. केशराच्या क्रोकसमध्ये हेच तीन लाल तंतू म्हणजे काश्मीरमधल्या पांपोरच्या शेतांतून आपल्या श्रीखंडात पोहोचणारे केशर.

फूल कोमेजून गेले असल्यास पानांची वाट पाहावी. क्रोकसचे पान गवतासारखे अरुंद असून त्याच्या मधोमध पांढरी रेघ असते, आणि केशराच्या क्रोकसची पाने हिवाळाभर टिकतात. कोल्चिकमची रुंद, तकतकीत पाने वसंतात येतात. युरोपात ती रानलसूण समजून खाल्ल्याने माणसे दगावली आहेत, कारण संधिवातातील गाउटवर अल्प मात्रेत दिले जाणारे विषारी कोल्चिसीन त्यांत असते.

कंद उकरून पाहणे मला शेवटचाच उपाय वाटतो. तरी कोल्चिकमचा कंद मोठा व एका अंगाला कललेला, तर क्रोकसचा लहान व चपटा निघतो.