३ किलोज्यूलचं प्लाझ्मा फोकस: काही महिने वापरल्यावर

क्ष-किरणांसाठी प्लाझ्मा फोकस, म्हणजे मोठ्या विद्युतप्रवाहाने प्लाझ्मा (आयनित वायू) क्षणभर चेपणारं यंत्र, उभारावं का, असं कुणी विचारलं तर मी आता हो म्हणते. फक्त प्रत्येक शॉट (यंत्राचा एकेक विसर्ग) सारखाच येईल ही अपेक्षा सोडूनच या यंत्राकडे यावं.

आमचं यंत्र प्रा. सिंग ली यांच्या आराखड्यावर बांधलेलं आहे. १९८०च्या दशकात मलेशियातल्या मलाया विद्यापीठात हा आराखडा तयार झाला. विकसनशील देशांतल्या विद्यापीठांना कमी खर्चात स्वतःचं प्लाझ्मा संशोधन सुरू करता यावं, हा त्यामागचा विचार. दिल्ली विद्यापीठातही त्यातलं एक यंत्र आलं. ३० मायक्रोफॅरडचा एकच कपॅसिटर, एक स्पार्क गॅप (ठिणगीने जोडणारा स्विच), मधोमध तांब्याचा ॲनोड, भोवती सहा दांड्यांचा कॅथोड आणि हवा काढायला रोटरी पंप. १४ किलोव्होल्टला चार्ज केलं की साधारण २.९ किलोज्यूल साठतात, आणि जेमतेम तीन मायक्रोसेकंदांत विद्युतप्रवाह पावणेदोन लाख ॲम्पिअरच्या आसपास चढतो.

आधी काचेच्या इन्सुलेटरवर विसर्ग होतो आणि तिथून प्लाझ्माचा पातळ पडदा सुटतो. प्रवाहाचं स्वतःचंच चुंबकीय क्षेत्र त्याला ॲनोडच्या टोकापर्यंत ढकलत नेतं आणि टोक संपलं की चहूबाजूंनी आत चेपतं. मिलिमीटरभर जाडीचा तो स्तंभ काही नॅनोसेकंदांतच अस्थिर होऊन तुटतो. आत निऑन असेल तर एवढ्या वेळात साधारण १ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे मृदू (कमी ऊर्जेचे) क्ष-किरण बाहेर पडतात. ते निघतात एक किंवा दोनच इलेक्ट्रॉन उरलेल्या निऑनच्या आयनांतून. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेच्या झेड यंत्रात टंगस्टनच्या तारांचा पिंजरा कोट्यवधी ॲम्पिअरने चिरडतात, त्यामागचं तत्त्वही हेच. इथे ते एका टेबलाशेजारी उभं राहून शिकता येतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

मला सर्वांत जास्त शिकवलं ते रोगोव्स्की कॉइलच्या (प्रवाह मोजणाऱ्या वेटोळ्याच्या) सिग्नलने. प्लाझ्मा चेपला गेला की त्याचं इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध) एकदम वाढतं, प्रवाह खचतो आणि ऑसिलोस्कोपवर डिप (खळगा) दिसतो. आतल्या वायूचा दाब जास्त असेल तर पडदा उशिरा पोचतो, कमी असेल तर लवकर. प्रवाह शिखराजवळ असतानाच स्तंभ चेपला जायला हवा. आमच्याकडे निऑनला हे तीन-साडेतीन टॉर (दाबाचं एकक) दाबाच्या आसपास जमतं. पण डिप खोल म्हणून क्ष-किरणही भरपूर, असं धरू नये. फॉइल लावलेल्या पिन डायोडचा (क्ष-किरण टिपणाऱ्या सेन्सरचा) सिग्नल प्रत्येक शॉटला पाहावाच लागतो.

त्रासही आहेत. नवा इन्सुलेटर बसवला की सुरुवातीचे बरेच शॉट नुसते तो रुळण्यात जातात. पुढे त्यावर तांब्याचा थर चढतो आणि पडदा वेडावाकडा सुटायला लागतो. काही शॉटनंतर वायू बदलावा लागतो, कारण भिंतींतून सुटलेली अशुद्धी त्यात मिसळते. ॲनोडच्या टोकावर इलेक्ट्रॉनांचा झोत आदळून कठीण (जास्त ऊर्जेचे) क्ष-किरण निघतात. म्हणून टोक पोकळ ठेवणं चांगलं, आणि शिसं, अंतर व टीएलडी बॅज (अंगावर पडलेल्या किरणांचा डोस नोंदवणारा बिल्ला) यांत कुणीही सूट घेऊ नये. कपॅसिटर अर्थिंगच्या काठीने शॉर्ट केल्याशिवाय जवळ जायचं नाही, हेही तसंच.

लिथोग्राफीसाठी (चिपवर सूक्ष्म नक्षी उमटवण्यासाठी) किंवा रोज ठरलेला डोस हवा असणाऱ्यांना हे यंत्र नुसतं आणून भागणार नाही. त्यांना वारंवार फायर होणारी, पाण्याने थंड ठेवलेली आवृत्ती लागेल. शिकवण्यासाठी, डायग्नॉस्टिक्स (मोजमापाची उपकरणं) तपासण्यासाठी किंवा एका शॉटमध्ये पातळ नमुन्याची छायाप्रतिमा घेण्यासाठी मात्र हे उत्तम आहे.

पैसे मोजके असतील तर आधी चांगल्या शील्ड केलेल्या केबल आणि ऑसिलोस्कोपसाठी धातूची जाळीदार खोली यांवर खर्च करा, कारण स्पार्क गॅपचा विद्युत गोंगाट छोटे सिग्नल पार गिळून टाकतो. प्रा. ली यांचंच ली मॉडेल, म्हणजे प्लाझ्मा फोकसचं संगणकी गणित, एक्सेलमध्ये चालतं. मोजलेला प्रवाह त्याच्याशी जुळवला की पडद्याने वाटेतलं किती वस्तुमान सोबत घेतलं याचा अंदाज येतो, आणि पुढचा दाब कोणता ठेवायचा ते ठरवता येतं.