गुडघा बदलल्यानंतरचे चालणे : आठ महिन्यांच्या वापरानंतर

उजव्या गुडघ्याची संपूर्ण सांधेबदल शस्त्रक्रिया होऊन आता आठ महिने होत आले. माझे वय ६७, वास्तव्य ठाण्यात नौपाड्यातल्या एका जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, आणि डावा गुडघाही झिजलेलाच आहे. पुढचे सारे या पार्श्वभूमीवर वाचावे. या काळात भेटायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने पहिला प्रश्न एकच विचारला, "किती वाकतो?" चालण्यापुरता विचार केला तर हा प्रश्न दुय्यम आहे, असे माझे मत वापराअंती पक्के झाले आहे. गुडघा सरळ किती होतो, याची चौकशी कोणी करत नाही आणि चाल सुधारते किंवा बिघडते ती मुख्यतः तिथेच.

सपाट रस्त्यावर पाऊल पुढे टाकण्यासाठी गुडघा साठ-सत्तर अंश वाकला तरी भागते. जिना चढण्या-उतरण्यासाठी आणि खुर्चीतून उठण्यासाठी साधारण नव्वद ते शंभर अंश लागतात, आणि नियमित व्यायाम करणाऱ्या बहुतेकांना ते काही आठवड्यांत साधते. याउलट टाच जमिनीला टेकते त्या क्षणी गुडघा जवळजवळ पूर्ण सरळ झाला नाही, तर त्या पायावर भार असेपर्यंत मांडीच्या पुढच्या स्नायूला सतत ताण धरून राहावे लागते, पाय आखूड असल्यासारखा पडतो, माणूस एका बाजूला कलत चालतो आणि थोड्याच अंतरात दमतो. अडचण अशी की सुजलेल्या सांध्याला किंचित वाकलेल्या स्थितीतच आराम वाटतो, कारण तेव्हा सांध्याच्या आवरणात सर्वाधिक जागा असते. त्यामुळे घरची माणसे मायेने गुडघ्याखाली उशी सरकवतात, रुग्णालाही बरे वाटते आणि गुडघा तसाच आखडू लागतो. उशी द्यायचीच असेल तर ती टाचेखाली द्यावी, म्हणजे गुडघा अधांतरी राहून स्वतःच्या वजनाने खाली जातो. हे दुखते. पहिले काही आठवडे दहा मिनिटेसुद्धा असह्य वाटत, आणि त्या वेळी वेदनाशामक गोळी व्यायामाच्या आधी अर्धा-पाऊण तास घेण्याचा डॉक्टरांचा सल्ला फार उपयोगी पडला.

घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीने अंश मोजण्याचे साधन फारसे बाहेर काढलेच नाही. पलंगावर पाय लांब करून बसवायची, गुडघ्याच्या मागच्या खळग्यात आपली बोटे सरकवायची आणि म्हणायची, "काकू, माझी बोटे चेपा." सुरुवातीला तिचा अख्खा तळवा तिथे सहज जाई. पुढे चार बोटे अडखळू लागली, मग दोन, आणि अडीच-तीन महिन्यांनी तिचे बोट पलंगाशी चांगलेच दाबले जाऊ लागले, तेव्हा माझ्या चालण्यातला लंगडेपणा गेला असल्याचे खालच्या मजल्यावरच्या शेजारणीने आपणहून सांगितले. त्या दोन गोष्टी एकाच सुमारास घडल्या, हा मला योगायोग वाटत नाही. मांडीचा स्नायू आवळून गुडघा खाली दाबणे, पाय सरळ ठेवून उचलणे, टाच पलंगावरून घासत मागे घेणे आणि घोटा वर-खाली करणे, एवढ्या चारच व्यायामांवर पहिला दीड महिना गेला. यंत्रे, पट्टे, तेले यांची गरज पडली नाही.

प्रत्यक्ष कृत्रिम सांध्याविषयी थोडक्यात सांगते, कारण शस्त्रक्रियेपूर्वी लोक यावरच सर्वाधिक वेळ घालवतात. मांडीच्या हाडाच्या टोकावर कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूची टोपी, नडगीच्या हाडावर धातूची बैठक आणि दोहोंमध्ये पॉलिइथिलिन या प्लास्टिकची चकती, अशी साधारण रचना असते. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये या सांध्यांच्या किमतीवर कमाल मर्यादा घातली. साध्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची मर्यादा तेव्हा ५४,७२० रुपये आणि वर कर अशी होती, तर 'जास्त वाकणारा' म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकाराची त्याहून थोडीशीच अधिक. माझा सांधा साधा आहे. चालताना कधीकधी आतून 'टक्' असा आवाज येतो, तो धातू आणि चकती एकमेकांना लागल्याचा असतो व त्यात काळजीचे काही नसते. जखमेच्या बाहेरच्या बाजूची हातभर नसली तरी तळहाताएवढी त्वचा बधिर आहे, कारण छेद घेताना तिथली बारीक नस कापली जाते. हे आधी माहीत असल्यास घाबरायला होत नाही. गुडघा दुसऱ्यापेक्षा गरम लागणे आणि संध्याकाळी सुजणे पाच-सहा महिने चालू होते. रात्रीचे दुखणे मात्र मला वाटले होते त्यापेक्षा बरेच जास्त काळ टिकले. पहिले दोन महिने सलग झोप अशी नव्हतीच, आणि गुडघ्याभोवती पट्टा आवळल्यासारखी जाणीव सकाळी उठताना आजही होते.

वॉकर घेताना घराचे उंबरठे मोजावेत. दुकानदाराने पुढे दोन चाके असलेला वॉकर उत्तम म्हणून दिला, परंतु आमच्या घरात स्वयंपाकघराला, मोरीला आणि गॅलरीला उंबरठे असल्यामुळे तो प्रत्येक दाराशी अडे, शिवाय संडासाच्या दारातून आडवाच जात नसे. अखेरीस रुग्णोपयोगी साहित्य अनामत घेऊन वापरायला देणाऱ्या एका संस्थेकडून बिनचाकी, घडीचा, हलका वॉकर आणला आणि प्रश्न सुटला. तीन-चार आठवड्यांच्या गरजेसाठी ही वस्तू विकत घेण्यात अर्थ नाही. कमोडवर बसवायची उंच सीट आणि हात असलेली ताठ खुर्ची मात्र विकत घेण्याजोगी आहे, कारण ती नंतरही वापरात राहते. खोल सोफ्यात पहिले तीन महिने बसूच नये. बर्फाचा शेक कपड्यात गुंडाळून दिवसातून तीन-चारदा घ्यावा; महागड्या पिशवीपेक्षा गोठवलेल्या मटारची पिशवी गुडघ्यावर अधिक नीट बसते.

काठी शस्त्रक्रिया झालेल्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते, हे घरातल्या कोणालाच पटत नव्हते. पण उजव्या गुडघ्याचा भार कमी करायचा तर काठी डाव्या हातातच हवी आणि ती उजव्या पावलाबरोबरच पुढे पडायला हवी. पायात नेहमीची चप्पल किंवा बूट घालून ताठ उभे राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यावी. टोकाच्या रबरी बुचाकडे फार लक्ष द्यावे लागते. माझे बूच चार महिन्यांत एका कडेने झिजून गुळगुळीत झाले होते, आणि जूनमध्ये जिन्याच्या ओल्या लादीवर काठी सरकली तेव्हा ते ध्यानात आले. कठड्याला हात होता म्हणून निभावले. नवे बूच अगदी किरकोळ किमतीला मिळते.

जिन्याचा नियम सोपा आहे : चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी. पायऱ्या एकाआड एक पायांनी चढणे चौथ्या महिन्यात जमू लागले, तसे उतरणे मात्र सातव्या महिन्याच्या आसपास, कारण उतरताना शरीराचा भार हळूहळू खाली सोडण्याचे काम मांडीलाच करावे लागते आणि गुडघाही चढण्यापेक्षा जास्त वाकावा लागतो. लिफ्ट नसल्याबद्दल सर्वांनी हळहळ व्यक्त केली, पण माझ्यापुरते तरी या जिन्याने फुकटचा व्यायाम दिला.

बाहेर चालण्यासाठी गोखले रोडचा पदपथ मी लवकरच सोडून दिला. उचकटलेले पेव्हर ब्लॉक, दुकानांच्या पायऱ्या, मध्येच उभ्या दुचाकी, यांमुळे नजर सतत खाली राहते आणि पाऊल बिचकत पडते. अशा चालण्यात गुडघा कधीच पूर्ण सरळ होत नाही. त्याऐवजी रिक्षाने महापालिका मुख्यालयाजवळच्या कचराळी तलावावर जाऊ लागले. तिथे तलावाभोवती चालण्याचा मार्ग आहे, बसायला बाके आहेत आणि सकाळी आपल्याहून सावकाश चालणारी पुष्कळ माणसे भेटतात, ही सोयही काही कमी नव्हे. टाच आधी, मग तळवा, मग बोटे, असे मनात म्हणत चालण्याचा सराव मी तिथेच केला. मासुंदा तलावाचा काठ, म्हणजे तलावपाळी, मात्र संध्याकाळच्या गर्दीत टाळावी. टीएमटीच्या, म्हणजे ठाणे महापालिकेच्या, बसची पहिली पायरी अजून मला उंच पडते, म्हणून कठड्याच्या दांड्याला धरूनच चढते, आणि स्थानकावर फलाट बदलायचा असला तर लिफ्ट शोधते. मॉलच्या दारातील धातुशोधक यंत्र वाजले तर सुरक्षारक्षकाला शांतपणे सांगावे.

मांडी घालून जमिनीवर बसणे बंद झाले आहे, आणि डॉक्टरांनी उकिडवे बसायलाही मनाई केली आहे. गुडघे टेकवणे निषिद्ध नाही, परंतु बधिर त्वचेवर भार आला की विचित्र वाटते, म्हणून देवघर मी ओट्याच्या उंचीवर आणले. ज्यांना जमिनीवर बसता येणे हाच शस्त्रक्रियेचा हेतू वाटतो, त्यांची निराशा होण्याचा संभव आहे. वेदना न होता चालता येणे हा हेतू असेल तर माझे समाधान पुष्कळ आहे. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, जखमेतून स्राव आला किंवा ताप आला तर मात्र व्यायाम वाढवत बसू नये, त्याच दिवशी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना दाखवावे. दाताचे काही काम करण्यापूर्वीही सांधा बदललेला असल्याचे दंतवैद्याला सांगावे.

डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया पुढच्या हिवाळ्यात करण्याचे ठरते आहे. त्याही पायाची मांडी आधीच बळकट असावी, म्हणून त्या फिजिओथेरपिस्ट मुलीला पुन्हा बोलावले, तेव्हा तिने त्याही गुडघ्याच्या मागे बोटे घालून पाहिली. तिथे सध्या तीन बोटे सहज जातात. तेवढी जागा शस्त्रक्रियेआधी निदान एका बोटावर आणायची, असे आम्ही दोघींनी ठरवले असून रोज दोन वेळा टाचेखाली उशी घेऊन पडणे मी सुरू केले आहे.