इसबगोलची साधी भुसी: घ्यावी, पण पाणी कमी पडू देऊ नये

गुजरातच्या ऊंझा-सिद्धपूर भागातून येणारी, कुठलाही स्वाद न घातलेली भुसी. चांगला माल हलका, फिकट पांढरा किंवा जरासा गुलाबीसर असतो. तळाशी धूळ आणि तपकिरी कण दिसले, तर सफाई नीट झालेली नाही. शुद्धता छापलेली असेल तर 95 टक्क्यांच्या वरची घ्या.

‘रात्री घ्या, सकाळी मोकळे व्हा’ हे हिच्याबाबतीत खरं धरू नका. गुण यायला 12 ते 72 तास लागतात. सुमारे सहा मीटरचं लहान आतडं अन्न काही तासांत पुढे सरकवतं. दीड मीटरच्या मोठ्या आतड्यात मात्र ते दिवस-दीड दिवस रेंगाळतं. खाणंपिणं आणि पाचकरस मिळून रोज नऊएक लिटर द्रव आतड्यात उतरतो, त्यातला शंभर-दोनशे मिलीच शौचावाटे बाहेर पडतो. मुक्काम लांबला की पाणी आणखी शोषलं जातं आणि खडा होतो. भुसीचा बुळबुळीत लगदा जिवाणूंनाही फारसा पचत नाही, त्यामुळे तो पाणी धरून शेवटपर्यंत टिकतो. मळ मऊ राहतो, त्याचा आकार वाढतो, आतड्याची भिंत ताणली जाते आणि त्या ताणानेच आकुंचनाची लाट उठते. जुलाबात दह्यातून भुसी देतात ती याच गुणासाठी: मोकळं पाणी ती शोषून घेते.

सपाट मोठा चमचा म्हणजे साधारण पाच ग्रॅम. तो 250 मिली पाण्यात ढवळून लगेच प्यायचा, कारण थांबलात तर खळ होते. वर आणखी एक ग्लास पाणी. कोरडी भुसी तोंडात टाकून घोटभर पाण्याने गिळणं धोक्याचं. पंचवीस सेंटिमीटरच्या अन्ननलिकेत ती मध्येच फुगून अडकते. घेतल्या घेतल्या आडवं होऊ नका. पहिला आठवडा अर्धाच चमचा, नाहीतर पोट फुगल्याची तक्रार ठरलेली!

स्वादाच्या पाकिटांना आमची पसंती नाही: काहींत साखर भरपूर, फसफसणाऱ्यांत सोडियम. सोनामुखी मिसळलेलं चूर्ण तर वेगळंच औषध आहे. ते आतड्याला डिवचून रातोरात काम करतं, म्हणून घटक वाचूनच घ्या.

इतर गोळ्या आणि भुसी यांत किमान दोन तास हवेत. थायरॉईडची गोळी सकाळी असेल तर भुसी रात्रीच्या जेवणानंतर बरी. गिळायला त्रास, पोटात कळा आणि उलट्या, शौचातून रक्त किंवा सवयीत अचानक बदल असेल, तर आधी डॉक्टर. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा मळ आत घट्ट अडकला असेल, तर भुसीने अडथळा वाढतो.

पाकीट फोडल्यावर झाकणाच्या कोरड्या बरणीत ठेवा. पावसाळ्यात दमट हवेने गुठळ्या होतात.