विजेवर चालणारे घरगुती खतयंत्र: सहा महिन्यांच्या वापरानंतर

ओट्याच्या कोपऱ्यात मावणारे, विजेवर चालणारे खतयंत्र मी गेले सहा महिने वापरत आहे. खोक्यावर ‘काही तासांत खत’ असे ठळक छापलेले होते आणि परीक्षणाची सुरुवात याच दाव्यापासून करणे भाग आहे, कारण हे यंत्र खत तयार करत नाही. ते ओला कचरा तापवते, त्यातले पाणी उडवते आणि उरलेल्याची भुकटी करते. कंपोस्ट हे जिवाणू आणि बुरशी यांचे काम असून त्यांना हवा, साधारण ५० ते ६० टक्के ओलावा, कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) यांचे २५ ते ३०:१ च्या आसपासचे गुणोत्तर आणि मुख्य म्हणजे कित्येक आठवड्यांचा अवधी लागतो.

हे न समजल्यामुळे पहिल्या महिन्यात मी ती भुकटी थेट कुंडीत पसरली. पाणी घातल्यावर चार दिवसांत तिच्यावर पांढरी बुरशी चढली आणि कोवळी रोपे माना टाकू लागली. वाळवल्यामुळे थांबलेली कुजण्याची क्रिया ओल मिळताच मुळांशेजारीच पुन्हा सुरू झाली होती. पुढे मी एक भाग भुकटी दहा भाग मातीत मिसळून महिनाभर झाकून ठेवू लागलो. त्या मातीला पावसानंतरचा वास येतो आणि रोपेही चांगली धरतात. ही साधी सूचना माहितीपुस्तिकेत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कचरा वाळवण्याचे काम मात्र यंत्र चोख करते. कचऱ्याचे आकारमान बरेच घटते, दुर्गंधी येत नाही, चिलटे होत नाहीत. पण ती भुकटी कचऱ्याच्या डब्यात गेली, तर कचराभूमीत ती पुन्हा भिजणार आणि प्राणवायूविना कुजून मिथेन हा तापमानवाढीला हातभार लावणारा वायू सोडणार. म्हणजे वाळवण्यासाठी खर्चलेली वीज वायाच गेली.

चक्राकार अर्थव्यवस्थेचा, म्हणजे वस्तू फेकून न देता पुन्हा पुन्हा वापरात आणण्याचा, पुरस्कार करणाऱ्या एलेन मॅकआर्थर फाउंडेशनने रचनेची तीन तत्त्वे मांडली आहेत: कचरा आणि प्रदूषण मुळातच निर्माण होऊ न देणे, वस्तू आणि साहित्य वापरात फिरते ठेवणे आणि निसर्गाचे पुनरुज्जीवन करणे. भुकटी मातीत परतली, तर तिसऱ्या तत्त्वावर यंत्र उतरते. दुसऱ्यावर ते साफ नापास होते. वास शोषणारा सक्रिय कोळसा प्लॅस्टिकच्या बंद डबीत भरलेला आहे. तो संपला की नुसता कोळसा बदलता येत नाही, सबंध डबी फेकावी लागते. पाती आणि भांडे सुटे मिळत नाहीत. अन्नाचा कचरा कमी करणाऱ्या वस्तूने दर काही महिन्यांनी प्लॅस्टिकचा कचरा घरात आणावा, ही रचनेतली चूक आहे आणि ती कारखान्यातच सुधारता येण्याजोगी आहे.

पहिल्या तत्त्वापर्यंत तर असे कोणतेही यंत्र पोहोचू शकत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १.०५ अब्ज टन अन्न वाया गेले आणि त्यातले ६० टक्के घरांमधून गेले. शिजवलेले अन्न यंत्रात टाकले, की त्यामागचे पाणी, इंधन आणि शेतातले श्रम परत मिळत नाहीत. परत मिळतो तो थोडासा सेंद्रिय अंश. म्हणून मी झाकणाशेजारी एक वही ठेवली आणि आत काय टाकले ते रोज लिहू लागलो. साली आणि देठे असणारच होती, पण शिळे अन्न आठवड्यातून चार वेळा आढळले, तेव्हा मी स्वयंपाकाचे प्रमाणच कमी केले. आता यंत्र दिवसाआड चालते.

ज्यांच्याकडे माती आहे, परंतु कंपोस्टसाठी उघडी जागा मुळीच नाही, त्यांनी हे यंत्र जरूर घ्यावे. थोडी जरी हवेशीर जागा असेल, तर भोके पाडलेला झाकणाचा डबा आणि सुका पालापाचोळा हेच काम विजेशिवाय करतात, आणि त्यातून निघते ते खरे खत असते.